शून्य कुणाचं?

पत्ता सांगण्यात पनवेलकराचा हात कुणी धरू शकणार नाही. "टपाल नाक्यावरून आत शिरा, मग कुणालाही विचारा." इमारतीचं मॉडेल करणाऱ्या रेव्हिट सॉफ्टवेअरला मात्र 'कुणालाही विचारा' चालत नाही. त्याला एक नक्की शून्य लागतं, आणि आमच्या मीटिंगला जो तो आपापलं शून्य खिशात घालून येतो.

आर्किटेक्टचं शून्य कोपऱ्यातल्या ए-१ खांबावर. सर्व्हेअरचं मालदीवच्या पश्चिमेला, विषुववृत्तावर, भर समुद्रात! यूटीएम या नकाशाच्या जाळीतल्या ४३व्या पट्ट्याचा हिशोब तिथून सुरू होतो. पनवेल तिथून सुमारे ३ लाख मीटर पूर्वेला आणि २१ लाख मीटर उत्तरेला. प्लंबिंगवाल्याचं शून्य त्याला स्क्रीनवर जिथे जागा मिळाली तिथे. तिघांच्या फायली जोडल्या की बिल्डिंग एकीकडे आणि संडासाचे पाइप परमुलखात.

रेव्हिटच्या पोटात एक मूळ शून्य असतं, ते जागचं हलत नाही. मॉडेल त्याच्यापासून १६ किलोमीटरपलीकडे गेलं की रेषा थरथरू लागतात. म्हणून बिल्डिंग शून्याजवळच ठेवायची आणि समुद्रापासूनचे आकडे 'सर्व्हे पॉइंट' नावाच्या त्रिकोणाला सांगायचे. त्याच्या शेजारी पेपरक्लिपचं चिन्ह. क्लिप लावून त्रिकोण हलवला तर सगळे को-ऑर्डिनेट्स सरकतात. काढून हलवला तर नुसता त्रिकोण. हे पहिल्याच दिवशी कळलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही.

उत्तर दिशाही एक नाही. कागदाची वेगळी, खरी वेगळी आणि यूटीएमच्या जाळीची तिसरी. ती पनवेलला खऱ्या उत्तरेपासून अर्ध्या अंशाहून जरा जास्तच ढळते. त्यात वास्तुतज्ज्ञ सळ्यांच्या ढिगाशेजारी होकायंत्र धरून उभे! "देवघर फिरवा, साहेब." मी कागद फिरवतो. गृहस्थ खूश.

राहता राहिली उंची. ऑक्टोबर २०२५मध्ये आमच्या शेजारच्या नव्या विमानतळाचं उद्घाटन झालं. विमानतळाजवळच्या बिल्डिंगला लागणाऱ्या उंचीच्या दाखल्याला मजले सांगून भागत नाही; अक्षांश-रेखांश आणि टाकीच्या माथ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची द्यावी लागते. आमच्या नकाशात शून्य म्हणजे जोतं. जोतं समुद्रापेक्षा किती वर, असं विचारलं की सगळे चहा मागवतात.

तेव्हा मंडळी, भूमिपूजनाआधी प्लॉटवर सर्वांनी मिळून एक बिंदू ठरवा, तिथे खिळा ठोका, त्याचे तिन्ही आकडे सगळ्यांना लिहून द्या आणि मॉडेलमध्ये तो पिन करा. नारळही तिथेच फोडा हवं तर. फक्त शेंदूर फासू नका. महिन्याभरात तिथे देऊळ उभं राहील आणि बिल्डिंगच सरकवावी लागेल.