लोअर परळच्या टॉवरसाहेबांस

आदरणीय टॉवरसाहेब,

स.न.वि.वि. श्रीनिवास मिलच्या जागेवर 280 मीटर उंचीवर आपण सुखरूप असालच. आपला आराखडा न्यूयॉर्कच्या पेई कॉब फ्रीड अँड पार्टनर्सचा, तेव्हा कुळाबद्दल शंका नाही. तरी आपण नेमके गिरणगावातच, चाळींच्या मधोमध का अवतरलात, असे काही दीडशहाणे विचारतात. मुंबईत जागा नाही म्हणून वर जावे लागते, हे त्यांना शिकवलेले उत्तर. मला मात्र वाटते, जागा होती म्हणूनच आपण आलात. गिरण्यांची सुमारे 600 एकर, शहराच्या ऐन मध्यावर, दोन्ही रेल्वेमार्गांना लागून आणि मोजक्या मालकांच्या हाती. अशी जमीन दुसरीकडे कुठे मिळणार होती? प्रश्न फक्त तिच्या वाटपाचा होता. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम 58 ने तीन वाटे केले: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. 2001 मध्ये दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. जिच्यावर शेड उभ्या होत्या ती हिशेबातून बाहेर. गिरणीत शेडच जास्त असतात, हे दुरुस्ती करणाऱ्यांना ठाऊक नसेल असे कसे म्हणावे? उच्च न्यायालयाने 2005 मध्ये हा अर्थ फेटाळला, सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये तो उचलून धरला, आणि गिरणगावाचे आकाश मोकळे झाले.

आपले वकील म्हणतील, 1982 च्या गिरणी संपानंतर गिरण्या मेल्याच होत्या. कबूल. पण माणूस गेल्यावर घराची वाटणी होते, तेव्हा वारसांची यादी कोण लिहितो याला महत्त्व असते. 2012 च्या म्हाडाच्या पहिल्या सोडतीत गिरणी कामगारांसाठी 6,925 घरे होती आणि अर्ज लाखाहून अधिक. उंच बांधल्याने घरे वाढतात, हे म्हणणेही अर्धेच खरे. मजले वाढले म्हणजे कुटुंबे वाढतातच असे नाही. बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची, आणि आपल्या एकेका फ्लॅटमध्ये अशा किती खोल्या मावतील ते आपणच मोजावे.

राहिला शेवटचा आक्षेप: बाजाराला कोण अडवणार? यावर पुरावा म्हणून मी आपल्यालाच उभे करतो. आपण मुळात 442 मीटरचे होणार होतात. विमानतळ प्राधिकरणाने परवानगी दिली नाही, आणि आपण निमूट 280 वर थांबलात. ना गुंतवणूक पळाली, ना मुंबई बुडाली. म्हणजे नियमाने ठरवले तर टॉवर वाकतो. विमानांसाठी जे जमले ते मैदानांसाठी आणि म्हाडाच्या वाट्यासाठी 2001 मध्ये का जमले नाही, एवढेच कळवावे. 76 मजल्यांवरून दिसत असेल तर.

लोभ असावा.

आपला,
एक खालून पाहणारा