आत तुम्हीच बसला आहात

धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत, हे मला मान्य आहे. ग्रास जीआयएस हा नकाशांचा प्रोग्रॅम फुकट आहे, त्याचा सगळा कोड उघडा आहे आणि जगभरातली माणसं वेळात वेळ काढून तो सांभाळतात. तेव्हा त्याच्याबद्दल तक्रार करायची नाही, असं ठरवूनच लिहायला बसले आहे. अडचण एवढीच, की ही गाय दारात आल्या आल्या आपलेच दात मोजायला लागते.

निमित्त झालं गावच्या पाण्याचं. आमचं गाव माण तालुक्यात. इथे पाऊस पडतो तो बहुतेक भाषणांत. समतल चर कुठे खणायचे आणि नालाबांध कुठे घालायचा, हे ठरवायला पाणी समितीची बैठक बसली. "नकाशा पाहिजे" असं कोणीतरी म्हणालं आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. बैठकीतले आप्पा म्हणाले, "बाई, तुम्ही जन्मभर भूगोल शिकवला. आता जरा करूनबी दाखवा."

पुण्याच्या भाच्याला फोन लावला. त्याने त्याचा जुना लॅपटॉप पाठवून दिला. त्यात उबुंटू आणि ग्रासची सात पॉइंट आठ आवृत्ती. "मावशी, यात आर डॉट वॉटरशेड म्हणून एक कमांड आहे. तिला जमिनीची उंची दिलीस की पडलेला प्रत्येक थेंब कुठे जाईल ते सांगते. पाच मिनिटांचं काम." संगणकवाल्यांच्या पाच मिनिटांबद्दल मी वेगळं काही लिहायला नको.

हा प्रोग्रॅम मुळात अमेरिकन सैन्याचा. इलिनॉयमधल्या शँपेन गावी सैन्याची बांधकामविषयक प्रयोगशाळा आहे, तिथल्या लोकांनी तो १९८२ पासून लिहायला घेतला, लष्करी तळांखालची जमीन नीट राखता यावी म्हणून. १९८७ मध्ये त्याच्या प्रचारासाठी एक फिल्म निघाली आणि तिचं निवेदन केलं चक्क स्टार ट्रेकमधल्या कॅप्टन कर्कने, म्हणजे विल्यम शॅटनरने. नव्वदच्या दशकात सैन्याने अंग काढून घेतलं, १९९९ पासून तो जीपीएल परवान्याखाली सगळ्यांचा झाला. आता सगळ्यांचा म्हटल्यावर जरा सैलपणा यावा की नाही? तसं काही झालेलं दिसत नाही.

या जुन्या आवृत्तीत चालू केल्यावर पहिल्यांदा एक खिडकी येते. तिच्यात तीन गोष्टी विचारतात: तुमचा डेटा कुठल्या फोल्डरमध्ये, लोकेशन कुठलं आणि मॅपसेट कुठला. तिन्ही उत्तरं मनासारखी मिळेपर्यंत खालचं 'सुरू करा'चं बटण राखाडीच राहतं. तहसील कचेरीत अर्ज घेऊन गेल्यावर खिडकीमागचा माणूस मान वर न करता "कुठल्या?" विचारतो, अगदी तसं. आपण गावाचं नाव सांगतो आणि त्याला हवा असतो तलाठ्याचा सज्जा. ग्रासमध्येही लोकेशन म्हणजे गाव नव्हे. गोल पृथ्वी सपाट कागदावर कुठल्या पद्धतीने उलगडलीत, ते आधी सांगा. एका लोकेशनमध्ये एकच पद्धत, दुसरी चालायची नाही.

आमच्यासाठी उत्तर होतं यूटीएम, पट्टा ४३ उत्तर. यूटीएममध्ये पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे साठ पट्टे करतात आणि ४३ वा पट्टा ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशाचा. म्हणजे मुंबईपासून अमरावतीपर्यंतचे आपण एका पट्ट्यात आणि वर्धा, नागपूर ४४ मध्ये. विदर्भ वेगळा करावा की करू नये यावर इतकी वर्षं वाद चालू आहे; इथे विदर्भाचेच दोन तुकडे पडलेत आणि अमरावती आमच्या बाजूला आलीये, याची कोणाला दादफिर्याद नाही.

लोकेशन झालं की मॅपसेट, म्हणजे तुमचं टेबल. दुसऱ्यांच्या टेबलावरचे नकाशे पाहता येतात, लिहायचं मात्र आपल्याच टेबलावर. प्रत्येक लोकेशनमध्ये एक मॅपसेट आपोआप तयार होतो आणि त्याचं नाव, मी काही पदरचं घालत नाही, 'पर्मनंट'. मोठ्या अक्षरांत. मूळ कागदपत्रं त्याच्या ताब्यात. बाकीचे मॅपसेट आज आहेत, उद्या नाहीत. पर्मनंटला कोणी काढू शकत नाही आणि तो नसेल तर अख्खं लोकेशन बाद. आम्हा मास्तरलोकांना या व्यवस्थेत समजावून सांगण्यासारखं काही नाही. भाचा समजावत होता, मी मध्येच म्हटलं, "पुढे चल."

मग मी आपल्या टेबलाला गावाचं नाव दिलं, देवनागरीत. नाव बेकायदेशीर आहे, असं उत्तर आलं. ज्या गावाचा सातबारा देवनागरीत, वेशीवरची कमान देवनागरीत, निवडणुकीची पत्रकं देवनागरीत, त्याचं नाव इथे रोमन लिपीत घालावं लागतं आणि त्यातही मध्ये जागा सोडायची नाही. आमच्या गावाचं नाव दोन शब्दांचं. ते मी एकत्र चिकटवलं. इतक्या वर्षांत दोन वाड्यांना जे जमलं नव्हतं, ते तिथे झालं.

बटण हिरवं झालं, आत गेले, एक नकाशा उघडला आणि खिडकी नाहीशी झाली. ना निरोप, ना चूकभूल. पुन्हा चालू केलं, तर समोर मजकूर: या मॅपसेटमध्ये सध्या एक वापरकर्ता काम करत आहे, एका वेळी दोघांना परवानगी नाही. वापरकर्त्याचं नाव वाचलं. माझंच. म्हणजे मी आत बसलेली होते आणि म्हणून मला आत घेता येत नव्हतं. हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेल्यापासून इतकं चक्रावायला झालं नव्हतं.

"मावशी, खाली कुठे काळी खिडकी दिसतेय का?"

दिसत होती. ग्रासचं खरं बिऱ्हाड त्या काळ्या खिडकीत असतं, टर्मिनलमध्ये. रंगीत खिडकी हा नुसता दर्शनी भाग. तो कोसळला तरी आतला माणूस जागेवर असतो आणि त्याने मॅपसेटच्या फोल्डरमध्ये डॉट जीआयएसलॉक नावाची फाइल कडीसारखी लावून ठेवलेली असते. काळ्या खिडकीत 'एक्झिट' लिहिलं. कडी निघाली, मी बाहेर आले आणि मग मीच आत गेले.

आता उंची. २००० सालच्या फेब्रुवारीत एंडेव्हर यानाने ११ दिवस पृथ्वीभोवती फिरून रडारने जवळपास सगळ्या वस्तीच्या जमिनीची उंची मोजली. ती माहिती एकेक अंशाच्या चौकोनांत मिळते, फुकट. आमच्या चौकोनाचं नाव 'एन १७ ई ०७४', म्हणजे त्याचा नैऋत्येचा कोपरा १७ अंश उत्तर, ७४ अंश पूर्व. फाइल उतरवून ग्रासला दिली. ग्रास म्हणालं, हिची पद्धत आमच्या लोकेशनशी जुळत नाही. पुढे दोन्ही पद्धतींचे कुळ-गोत्रासकट तपशील दिले. खरं होतं ते. फाइल अक्षांश-रेखांशात होती आणि लोकेशन मीटरमध्ये. पण त्याच निरोपाच्या शेवटी एक चोरवाटही सांगितली होती: फरक किरकोळ असेल, तर 'ओ' लावा, तपासणी होणार नाही.

त्या वेळी ग्रामपंचायतीचा संगणक सांभाळणारा पोरगा शेजारी बसलेला. त्याने वाचलं आणि माझा हात पोचायच्या आत 'ओ' लावलासुद्धा. नकाशा विनातक्रार आत आला.

आता पाहा काय होतं ते. ग्रासला सांगितलंय की तपासू नको. ते ७४ अंशांना ७४ मीटर म्हणतं आणि १७ अंशांना १७ मीटर. यूटीएममध्ये उत्तरेकडची मोजणी विषुववृत्तापासून सुरू होते आणि पूर्वेकडची पट्ट्याच्या मधल्या रेषेच्या पाचशे किलोमीटर पश्चिमेपासून. ते बिंदू जुळवले, तर आमचा अख्खा चौकोन, शंभू महादेवाच्या डोंगररांगेसकट, मालदीवच्या पश्चिमेला भर समुद्रात गेला होता, विषुववृत्तापासून १७ मीटरवर. लांबी एक मीटर, रुंदी एक मीटर. म्हसवड आणि दहिवडी पाटावर मावली असती. आप्पांना सांगितलं तर ते पहिल्यांदाच खूश झाले. "पाण्यात तर गेलं!"

भाच्याने मग आर डॉट इंपोर्ट नावाची कमांड दिली. ती आधी मापं बदलून घेते आणि मग आत आणते. सुरुवातीलाच ही का सांगितली नाहीस, असं मी विचारलं नाही. त्याचीही नोकरी आहे.

एवढं करून आर डॉट वॉटरशेड चालवली, तर ती डोळ्याचं पातं लवायच्या आत संपली. पडद्यावर काही नाही. ग्रासमध्ये नकाशा असणं निराळं आणि हिशेबाचं क्षेत्र निराळं. पद्धतीचा नुसता क्रमांक देऊन नवीन लोकेशन काढलं, की हे क्षेत्र एका चौकटीचं असतं. ग्रासने इमानेइतबारे एका चौकटीचा पाणलोट काढला होता. क्षेत्र नकाशाएवढं केलं, पुन्हा चालवली. या वेळी ओढे दिसले. पण सगळे तालुक्याच्या सीमेकडे धावत सुटलेले, जणू आपल्यालाही पुण्यात नोकरी लागलीय. चौकशी केली तर कडेला उंची निघाली उणे ३२,७६८ मीटर. समुद्रातला सगळ्यात खोल खड्डा अकरा किलोमीटरच्या आसपास. आमच्या शिवेवर त्याच्या तिप्पट. सोळा बिटांत मावणारा सगळ्यात लहान आकडा तो, 'इथे माहिती नाही' एवढं सांगण्यासाठी ठेवलेला. मधल्या कोणत्या तरी रूपांतरात ती खूण पुसली गेली आणि आकडा तेवढा राहिला. आर डॉट नलने त्याचं रीतसर विसर्जन केलं, तेव्हा कुठे ओढे गावात परतले.

नकाशा छापून समितीपुढे ठेवला. मंडळी वाकून पाहू लागली आणि क्षणभर मला वाटलं, जमलं. मग एक सदस्य बोट ठेवून म्हणाले, "ह्यो वढा माज्या रानात कसा?"

मी सांगितलं की यातली एक चौकट तीस मीटरची, म्हणजे जवळपास नऊ गुंठ्यांची. ओढा चौकटीच्या मधून दिसला तरी तो अलीकडे-पलीकडे असू शकतो. हे ऐकून तर पेटलंच. आमच्याकडे वीतभर बांधावरून तीन पिढ्या कोर्टात जातात आणि मी नऊ गुंठे अलीकडे-पलीकडे म्हणत होते. शेजारचा शेतकरी म्हणाला, सरकारी नकाशात आलंय म्हणजे बरोबरच असणार. सरकारी नाही, अमेरिकन सैन्याचा प्रोग्रॅम आहे, असं मी म्हणाले, तेव्हा तो आणखीच निश्चिंत झाला.

बैठक मोडल्यावर ते सदस्य मागे थांबले. आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, तुमच्याकडं ते 'ओ' का काय हाय म्हणं. कुनी तपासत न्हाई त्ये. तेवडं लावा आन् वढा वीस फूट सरकवा."

"अहो, ते लावलं की ओढा मालदीवला जातो."

"जाऊंद्या की. आदी माज्या रानातनं तर जाऊंद्या."