पिठल्याबरोबर काय?

आपल्याकडे वाइन शॉपसमोर कुणी रेंगाळत नाही. जाळीतून नोटा आत, कागदात गुंडाळलेली बाटली बाहेर, आणि ओळखीचं कुणी दिसायच्या आत गिऱ्हाईक पसार. 'सुट्टे आहेत का?' एवढा एक सोडला तर दुकानदार प्रश्नही विचारत नाही.

ल्यों शहरात क्रुआ-रूस नावाची टेकडी आहे. ही रेशीम विणकरांची जुनी वस्ती. जाकारचे माग उंच, म्हणून इथल्या घरांची छतं चार-चार मीटरवर. माग गेले, छतं राहिली. आमच्या मुक्कामाच्या गल्लीतल्या वाइनवाल्याने ती सगळी उंची बाटल्यांनी भरून काढली होती आणि तो स्वतः बराचसा वेळ शिडीवरच असायचा. आत पाऊल टाकलं की आधी 'बाँस्वार'. मग त्याचा प्रश्न, तोही पैशांचा नाही: आज रात्री जेवायला काय?

हे मला आजवर फक्त शेजारणींनी विचारलं होतं. मी खरं ते सांगून टाकलं. पिठलं-भात. सासूबाईंनी निघताना बॅगेत बेसन कोंबलं होतं, ते संपवायचं होतं. हरभऱ्याचं पीठ, लसूण, हिरवी मिरची, असं मोडक्या फ्रेंचमध्ये समजावलं. त्याचा चेहरा एकदम खुलला. नीसला याच पिठाचा सोक्का करतात, मार्सेयला पानीस तळतात! त्याच्या हिशेबी आम्ही दक्षिणेकडचेच निघालो. तो शिडीवर चढला आणि प्रोव्हान्सची गुलाबी रोझे घेऊन उतरला.

"काहीतरीच!" मागून एक आजी म्हणाल्या. काखेत पाव, पायाशी कुत्रं. लसूण म्हटल्यावर बोजोलेच हवी, असा त्यांचा निवाडा. ल्योंकरांच्या मते त्यांच्या शहरातून तीन नद्या वाहतात: ऱ्होन, सोन आणि बोजोले. आजी तिसऱ्या नदीच्या काठच्या.

त्यांचा पक्ष भक्कम व्हायला आणखी एक कारण होतं. त्या संध्याकाळी मोर्गोंच्या एक बागायतदार बाई आपली वाइन चाखवायला दुकानात आल्या होत्या. मोर्गों बोजोलेतलंच, आणि द्राक्ष गामे जातीचं. या गामेला बर्गंडीच्या ड्यूकने, फिलिप द बोल्डने, 1395 मध्ये बेइमान ठरवून हद्दपार केलं होतं. द्राक्षाने बेइमानी करायची म्हणजे नेमकं काय करायचं कोण जाणे. पीक भरघोस देत होतं, हाच बहुधा गुन्हा. पण बोजोलेच्या ग्रॅनाइटच्या टेकड्या त्याला अशा मानवल्या की ड्यूकचे उपकारच म्हणायचे.

चाखायला पैसे नव्हते. शेजारी थुंकायला भांडं ठेवलेलं, आणि जाणकार मंडळी घोट तोंडात खळखळवून त्यात सोडत होती. आम्हाला ते जमेना. पानात टाकू नये हे लहानपणापासून मनावर बिंबलेलं. फुकटची चांगली वाइन थुंकायची म्हणजे वाडवडील स्वप्नात येतील. परिणामी तिसऱ्या चवीनंतर माझा नवरा बाईंना अस्खलित मराठीत नाशिकच्या द्राक्षांबद्दल सांगू लागला. मी दुभाषी. आमच्याकडे वेल हिवाळ्यात झोपत नाही, म्हणून एप्रिलमध्ये एक आणि ऑक्टोबरमध्ये दुसरी अशा वर्षाला दोन छाटण्या, आणि तुमची तोडणी सप्टेंबरच्या सुमारास तर आमची जानेवारी ते मार्च, हे ऐकून बाईंनी स्वतःचा पेला भरला आणि थुंकायचं विसरून पिऊन टाकला. दोन छाटण्या! मग मजूर सुट्टीवर जातात कधी? फ्रेंच प्रश्न. याचं उत्तर नवऱ्याकडे नव्हतं.

इकडे पिठल्याचा खटला चालूच होता. बाबागाडीवाल्या एका तरुण बापाने अल्सासची पांढरी सुचवली, मिरचीला किंचित गोडवा हवा म्हणून. कुणीतरी विचारलं, वरून चीज घालतात का? पिठलं आयुष्यात न पाहिलेली माणसं इतक्या आत्मीयतेने त्याची काळजी वाहत होती की घरी पाणी जरा जास्त पडलं तर काय, या विचाराने मलाच घाम फुटला.

शेवटी दोन्ही बाटल्या घेतल्या, रोझे आणि मोर्गों. निकाल येऊन सांगायचा, असं दुकानदाराने बजावलं.

रविवारी सकाळी पाव आणायला गेलो तर रांगेत आजी. कुत्र्यासकट. त्यांनी नुसती भुवई उंचावली. आम्ही दोघांनी एका सुरात "मोर्गों!" म्हटलं. खरं तर पिठल्याशी रोझे जास्त जमली होती, पण परक्या गावात आजींशी वाद कोण घालणार?