ग्रॅमभाऊ

वजनमापे खात्यातून रिटायर झाल्यावर माणसाने तोलावं तरी काय? आमच्या वर्ध्याच्या ग्रॅमभाऊंनी धूर तोलायला घेतला. "पेट्रोलचं लिटर पाऊण किलोचं, अन् त्याचा कार्बन डाय ऑक्साइड निघते सव्वादोन किलोच्या वर. हवेतला ऑक्सिजन येऊन मिळते नं जी!" हे ते अशा थाटात सांगतात, की एखाद्या किराणावाल्याचं खोटं माप आत्ताच पकडलंय.

एसटी डिझेलच्या लिटरमागे पाच किलोमीटर धरली, तर किलोमीटरला ५३६ ग्रॅम. चव्वेचाळीस सीटा भरल्या तर माणशी १२. पण भरदुपारी चौघंच असले तर माणशी १३४, म्हणजे एकट्याने स्कूटर नेली त्याच्या अडीचपट! म्हणून भाऊ बसस्टँडवर गाडीच्या पायरीशी थांबून आधी डोकी मोजतात. एकदा कंडक्टर म्हणाला, "काका, तुम्ही नाही चढले तरी गाडी जातेच. चढले तर पाच होतील." युक्तिवाद बिनतोड होता. भाऊंनी माणशी १०७ असा हिशेब मांडला, त्यांना पटलाही. तोवर गाडी फाटकाबाहेर.

बॅटरी रिक्षावाल्याने "आपल्या गाडीले धूरच नाही" म्हटलं, की भाऊ आग्नेयेकडे बोट दाखवतात. "धूर चंद्रपूरले निघते, कोळशाच्या चिमणीतून." खच्चून भरलेल्या काळीपिवळीवर मात्र त्यांचा भारी जीव.

वर्ध्यात कुठलाही वाद शेवटी बापूंवर येतो. कोणीतरी म्हणालं, १९३६ साली बापू शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, पायीच गेले होते. भाऊ गंभीर झाले. "पण शेळीचं दूध पीत होते नं? शेळीचा मिथेन धरा लागते."

घरची कार ते पाच माणसं झाल्याशिवाय काढत नाहीत. काकूंना पुढे बसवून स्वतः बजाज चौकात "नागपूर, नागपूर!" ओरडतात. जीपवाल्यांशी दोनदा हातघाईवर आलं, पण तत्त्व म्हणजे तत्त्व. परवा नागपूरला उतरताना मागच्या सीटवरच्या माणसाने खिशात हात घातला.

"किती झाले जी?"

"पंच्याहत्तर किलोमीटर, पाच लिटर, पाच जण. तुमचे दोन किलो तीनशे."

"सामान तर नाही माह्याजवळ!"

भाऊ समजावायला वळले, तेवढ्यात काकूंनी हात पुढे केला. "शंभर द्या."