34–0 आणि माझी हुकलेली धडधड

क्रिकेटचा चाहता होणं सोपं. कुठल्याही पानटपरीवर 'स्कोअर काय झाला?' एवढं विचारलं की माणसं आपली होतात. आम्ही पडलो खो-खोवाले. आमचा खेळ महाराष्ट्रातल्या एकूण एक माणसानं खेळलाय आणि पाहिलाय मात्र जवळजवळ कुणीच नाही. त्यामुळे प्रत्येकाला त्यातलं सगळं कळतं. 'त्यात काय, बसायचं, खो मिळाला की पळायचं!' असं मला चौथीपर्यंतच्या अनुभवावर ऐकवणारी माणसं जन्मभर भेटत आली आहेत. चौथीत ही माणसं भागाकारही शिकली होती. पण त्या जोरावर बँकेत जाऊन मॅनेजरला चार गोष्टी सांगताना मी त्यांना पाहिलेलं नाही.

त्यातून मी धाराशिवचा. बाहेरच्यांना आमचा जिल्हा तुळजाभवानीमुळे माहीत, खवय्यांना गुलाबजामामुळे आणि पशुसंवर्धनवाल्यांना उस्मानाबादी शेळीमुळे. इथल्या मैदानातून पोरी उठतात आणि थेट भारताच्या संघात जाऊन बसतात, हे सांगायला मी एकटाच. पेपरात खेळाच्या पानावर अगदी तळाशी बातमी असते. तीत प्रत्येक नावापुढं कंसात मिनिटं, सेकंद आणि गुण. लोकांना ते रेल्वेचं वेळापत्रक वाटतं. मी मात्र तो कंस चहासोबत दोनदा वाचतो. कोण किती वेळ पळली, कुणी किती गडी टिपले, सगळा सामना त्या कंसात डोळ्यांपुढं उभा राहतो.

2016 साली गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खो पहिल्यांदाच आला आणि भारताच्या मुलींनी सुवर्णपदक घेतलं. कर्णधार आमची सारिका काळे, चंद्रजित जाधव सरांच्या तालमीत तयार झालेली. मी गल्लीभर सांगत सुटलो.

"कशात जिंकलो?"

"खो-खोत."

"समोर कोण होतं?"

"बांगलादेश."

"त्यांच्यात असतंय व्हय खो-खो?"

इथून गाडी जी सोयाबीनच्या भावावर गेली ती परत आलीच नाही. 2020 मध्ये सारिकाला अर्जुन पुरस्कार मिळाला. ती तेव्हा तुळजापूरला क्रीडा अधिकारी होती. त्या वेळी शेजारचे निवृत्त तलाठी एवढंच म्हणाले, "म्हणजे नोकरी आधीच होती? मग बरं झालं." मधल्या काळात आमच्या जिल्ह्याचं नावसुद्धा बदललं. माझा खेळ बदलला नाही, त्याचं कुणाला कौतुक?

आणि मग जानेवारी 2025. खो-खोचा पहिला विश्वचषक, दिल्लीत, इंदिरा गांधी स्टेडियमवर. 23 देश. भारताच्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे, कर्णधार पुण्याची प्रियांका इंगळे. संघ जाहीर व्हायच्या आधीच, वेळ अमावस्येला शेतात कोपीपुढं भज्जी-आंबील वाढली जात असताना, मी पाहुण्यांना या विश्वचषकाची बातमी दिली होती. एक मेहुणे म्हणाले, "दक्षिण कोरियाची माणसं खो-खो खेळतात?" मी म्हटलं, "खेळतात." ते म्हणाले, "मग आपलं अवघड आहे. ती लोकं मोबाइल बनवतात."

संक्रांतीला, 14 तारखेला, त्याच कोरियाविरुद्ध आपला पहिला सामना झाला. आपण 175, ते 18. तिळगूळ न घेताच कोरियाशी इतकं गोड बोललेलं मी तरी पाहिलं नव्हतं. पण खरं सांगतो, मला थोडं वाईटच वाटलं. उभ्या आयुष्यात मी एका विश्वचषकाची वाट पाहिली ती काही अशा एकशे सत्तावन्न गुणांच्या फरकासाठी नाही. नखं खावीत, देव पाण्यात घालावेत, शेवटच्या सेकंदाला सूर मारून गडी टिपावा आणि इकडं मी खुर्चीसकट पडावं, अशी माझी साधी अपेक्षा. पुढं इराण, मलेशिया, बांगलादेश, सगळ्यांविरुद्ध आपण शंभरी गाठली. उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेनं आपल्याला 66 वरच रोखलं तेव्हा मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. त्यांचे गुण मात्र 16च.

आपण अंतिम फेरीत पोचलो आणि गल्लीचं खो-खोप्रेम उफाळून आलं. रविवारी, 19 तारखेला, माझ्या बैठकीत इतकी माणसं जमली की मलाच दाराशी उकिडवं बसावं लागलं. तोंड गल्लीकडं, म्हणजे अगदी नियमाप्रमाणं. जमलेला प्रत्येक जण शाळेत पट्टीचा पळणारा होता म्हणे. इतके पट्टीचे पळणारे एका गल्लीत असताना जिल्ह्याचा संघ निवडताना केवढी पंचाईत झाली असेल! मातीऐवजी मॅट, नवाऐवजी सात खेळाडू, तीन मिनिटं टिकलं की 'ड्रीम रन', हे सगळं मला सरळ पटलेलं नाही. पण त्या दिवशी मी या नियमांचा वकील झालो, कारण तलाठीसाहेब आक्षेप घेत होते.

समोर नेपाळ. पहिली सात मिनिटं संपली तेव्हा 34–0. बैठकीत टाळ्या, शिट्ट्या. माझं मात्र तोंड उतरलेलं. आतून बायकोनं विचारलं, "अहो, झालं का? पानं घेऊ?" विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात कुणाला पानाबद्दल विचारावंसं वाटतं, इथंच सगळं आलं.

दुसऱ्या डावात नेपाळच्या पोरी खवळून उठल्या. एकेक गडी बाद होत 35–24 झालं आणि माझ्या छातीत धडधडायला लागलं. काय सुख होतं ते! घशाला कोरड, तळहाताला घाम, सगळं जिथल्या तिथं. तलाठीसाहेब म्हणाले, "गेली मॅच." इतकं आनंददायक वाक्य मी खो-खोबद्दल आजवर ऐकलं नव्हतं, कुणीतरी काळजी केली होती. मी तुळजाभवानीला मनातल्या मनात ओटी बोललो. शाकंभरी नवरात्र नुकतंच आटोपलेलं, आई निद्रेतून उठून जागीच होती, त्यामुळे निरोप पोचायची अडचण नव्हती.

आईनं जरा जास्तच ऐकलं. तिसऱ्या डावानंतर 73–24. माझी धडधड उणीपुरी सात मिनिटं टिकली, ड्रीम रनसारखी. शेवटी 78–40. भारत जगज्जेता. बैठकीत तिरंगा आला, कुणीतरी गुलाबजाम आणले, आणि ज्यांना खांब आणि मध्यरेषा यातला फरक ठाऊक नव्हता ती माणसं माझी पाठ थोपटून म्हणाली, "जिंकलं तुमचं!" तुमचं म्हणाली. मी दोन जादा गुलाबजाम घेतले.

माणसं पांगल्यावर मी पानाची आठवण काढली. बायको माझ्या खुर्चीत बसली होती आणि रिमोट तिच्या हातात होता.

"पुरुषांची फायनल आहे ना आता? तीपण नेपाळशीच?"

"हो. पण जेवण?"

"पिठलं तुम्ही टाका," ती म्हणाली, "आणि मधे मधे येऊन उभं राहू नका, मला खांब दिसत नाही."

मला त्या सामन्यातला एकही डाव धड बघायला मिळाला नाही. आपण 54–36 जिंकलो, हे मला स्वयंपाकघरात, डाळीचं पीठ कालवताना, बाहेरून ओरडून सांगण्यात आलं. तेही कंसातल्या मिनिटा-सेकंदांशिवाय.