उसन्या गोष्टीचा विटाळ

टीव्ही मालिकेवर बेतलेली विज्ञानकादंबरी म्हटली की वाचकांचे मत तयारच असते: ‘हे कसले साहित्य!’ विज्ञानकथालेखक जेम्स ब्लिशने १९६७ पासून ‘स्टार ट्रेक’ मालिकेचे भाग कथारूपात उतरवले, तेही याच पंक्तीत. आक्षेप एकच, गोष्ट उसनी. मग नशिराबादच्या पारावर रामकथा ऐकणाऱ्यानेही बुवांकडे मूळ हक्कांचा कागद मागावा! कुणी म्हणेल, बुवा पदरची भर घालतात. कबूल, मग पुस्तकातही भर पडली का, एवढेच तपासा. कसे? जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत कथा टोपणनावाने पाठवली आणि ती नावाविना जिंकली. तसेच मालिकेचे नाव झाकून पुस्तक हाती द्यावे. अडचण इतकीच, की मग ते वाचावे लागेल. आणि मत देण्यासाठी एवढी सक्ती आपल्याकडे अजून कुणी केलेली नाही.