आधी कोनशिला, मग नाट्यगृह

शाळेसाठी नाट्यगृह बांधायचे ठरले की सर्वांत आधी कोनशिलेचा मजकूर पक्का करावा. रंगमंच किती खोल, विंगा किती, हे प्रश्न नंतरचे. कोणाचे नाव कोणाच्या वर, यावर कार्यकारिणीच्या तीन बैठका सहज जातात, आणि जाऊ द्याव्यात. आर्किटेक्ट शक्यतो मंगल कार्यालये बांधलेला निवडावा. पाटीवर काहीही लिहिले तरी तुम्हाला हवे आहे तेच.

आसने हजार. शेजारच्या संस्थेचे सभागृह आठशेचे आहे, एवढे कारण पुरे. नाटकाच्या सरांनी दबक्या आवाजात नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय काढला तर ऐकून घ्यावे. माणसांसाठी मध्यम नाट्यगृह बरे, 64 हात लांब आणि 32 हात रुंद, असे भरतमुनी सांगतात. म्हणजे सुमारे 96 फूट बाय 48; त्यातही अर्धी लांबी रंगमंच आणि नेपथ्यगृहाला. याहून मोठे केले तर शब्द अस्पष्ट होतो आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत, हे त्यांचे कारण. पाचवीतली मुलगी माईकशिवाय बोलली तरी शेवटच्या रांगेला कळेल, असा हा हिशेब आहे. भरतमुनींच्या काळी कॉर्डलेस नव्हता, असे म्हणून विषय संपवावा.

प्रेक्षकांची बैठक पायऱ्यापायऱ्यांची असावी, हेही त्याच अध्यायात आहे. पण उताराच्या जमिनीवर पंगत कशी बसणार? सपाटच ठेवा. मागच्यांना पुढच्यांची डोकी दिसतील. पालकांच्या ओळखी वाढतात.

आता आवाज. भिंतींना चकचकीत टाइल्स, खाली ग्रॅनाइट, वर प्लास्टरचा घुमट. फडक्याने पुसता येते, ही मोठी सोय. 1895 साली हार्वर्ड विद्यापीठातले एक नवे व्याख्यानगृह असेच निरुपयोगी ठरले होते. तिथे उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा, तोवर वक्ता पुढच्या वाक्यात. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे ते दुखणे सोपवले गेले. त्याने जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या आसनांवरच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, खोलीत मांडल्या आणि दरवेळी आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजले. त्या गाद्यांतून ध्वनिशास्त्राचे सूत्र निघाले: खोली जितकी मोठी आणि आवाज शोषणारे सामान जितके कमी, तितका घुमारा लांब. बोलण्यासाठी तो सेकंदभर असला की पुरतो, गाण्याला थोडा जास्त चालतो. कापडी गादीच्या खुर्च्यांचा आणखी एक गुण असा की रिकाम्या तालमीत आणि भरल्या प्रयोगात आवाज फारसा बदलत नाही. पण गाद्या मुले फाडतात, तेव्हा प्लॅस्टिकच घ्या. मागची भिंत सपाट आणि कडक ठेवा. ती रंगमंचापासून 17 मीटरवर असली तर आवाज जाऊन परत यायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. शिवाजी झालेल्या मुलाने ‘कोण आहे रे तिकडे?’ असे दरडावले की भिंत त्यालाच तेच विचारते. मुले त्यानंतर वाक्य विसरतात. पाठांतर कच्चे, असा शेरा द्यावा.

रंगमंच चाळीस फूट रुंद आणि बारा फूट खोल असावा. सत्काराच्या खुर्च्यांची एक रांग आणि टेबल मावते. उंची पाच फूट, म्हणजे पहिल्या रांगेला हनुवट्या दिसतात. फळ्यांचा रंगमंच नाचणाऱ्याच्या गुडघ्यांना सांभाळून घेतो, त्यात सेटच्या टेकूला खिळाही ठोकता येतो. ग्रॅनाइटवर लेझीम घसरते, पण फोटो छान येतात. मागच्या पडद्याआडून जायला वाट ठेवू नये. डावीकडून गेलेल्या मावळ्याला उजवीकडून यायचे असेल तर तो इमारतीला वळसा घालून येईल. अंगात लढाईचा दम दिसायला हवाच.

एका बाबतीत मात्र थट्टा नको. 23 डिसेंबर 1995 रोजी हरियाणातल्या डबवालीत एका शाळेच्या वार्षिक समारंभात मांडवाला आग लागली आणि चारशेहून अधिक माणसे गेली, त्यात मुलेच जास्त. बाहेर पडायला वाट एकच होती. दारे अनेक हवीत, बाहेरच्या बाजूला उघडणारी हवीत, आणि कार्यक्रम चालू असताना एकालाही कुलूप नको. दाराजवळचा बोळ म्हणजे मोडक्या बाकांचे गोदाम नव्हे. पैसे कमी पडले तर कोनशिला रद्द करा.

राहिली प्रकाशयोजना. ती चालवणाऱ्याला रंगमंच दिसावा म्हणून त्याची खोली प्रेक्षागृहाच्या मागे, उंचावर ठेवतात. आपल्याकडे बटणे जिन्याखाली, मीटरशेजारी असतात आणि किल्ली शिपाईमामांकडे. मामा पाहुण्यांच्या चहात गुंतलेले असतात. अफझलखानाच्या वधाला अंधार हवा असल्यास त्यांना पाच मिनिटे आधी मिस्ड कॉल द्यावा.